टसरचे जाकीट

"हात वर कर," मी म्हणाले. लीलाधरने शरण आलेल्या माणसासारखे दोन्ही हात डोक्याच्या वर नेले.

"एवढे नाही रे. मास्तरांना टेप फिरवायची आहे, तुला पकडायचं नाही."

निकुंभ मास्तर तोंडातल्या तोंडात हसले आणि त्याच्या छातीभोवती टेप गुंडाळू लागले. सावद्याच्या पेठेत त्यांचे दुकान होते. शिंप्याच्या दुकानाची पायरी चढण्याची आमच्या घरात रीत नव्हती. शिंपी घरी येत असे. मी स्वतः आले म्हणजे काम साधे नाही, एवढे त्यांनी ओळखले होते. दोन्ही कारागिरांना चहाला पिटाळून त्यांनी पुढचे अर्धे दार ओढून घेतले होते.

मापे झाल्यावर मी पिशवीतून खंडेनवमीच्या पूजेचे तांबडे कापड काढले, त्याची गाठ सोडली आणि आतले रिव्हॉल्व्हर त्यांच्या बेतणीच्या टेबलावर ठेवले.

मास्तर दोन पावले मागे सरले. "भरलेलं आहे का, माई?"

"रिकामं आहे. यासाठी आत खिसा हवा. जाकीट असं शिवा की हत्यार अंगावर बसलं पाहिजे, लोंबता कामा नये, आणि हात घातला की मूठ हातात आली पाहिजे."

"हेमराजभाऊंसाठी?"

"आमच्या घरात परवाना आणखी कुणाच्या नावावर आहे?"

ते हत्यार माझ्या यजमानांचे. केळी उत्पादकांच्या संस्थेचे ते सोळा वर्षे चेअरमन होते. मार्गशीर्षात हृदयविकाराने गेले. त्यानंतर चार महिने रिव्हॉल्व्हर पोलीस ठाण्यात जमा होते. वारस म्हणून माझ्या मुलाच्या, हेमराजच्या नावे परवाना झाला तेव्हा ते घरी आले. तोवर संस्थेची निवडणूक जाहीर झाली होती. उमेदवाराने सर्वसाधारण सभेत स्वतः हजर राहून सही करायची, नाहीतर अर्ज बाद, असा पोटनियम यजमानांनीच घालून ठेवला होता. हेमराजच्या विरोधात सोपान वाघुळदे उभा होता. एका लग्नाच्या पंगतीत त्याचा माणूस मोठ्याने म्हणाला, "हेमराज सभेला आपल्या पायांनी येत नाही, बघाच." आठच दिवसांत एका सकाळी आमच्या अडीच हजार झाडांचे कोवळे घड विळ्याने उतरवून मातीत टाकलेले सापडले. पोलिसांनी पंचनामा केला, ताक प्यायले आणि निघून गेले. सभा आखाजीनंतर, म्हणजे अक्षय्य तृतीयेनंतर, दोन दिवसांनी होती.

मास्तरांनी धीर करून हत्यार तळहातावर तोलले. "पाऊण किलोला जरा कमी भरेल. माई, याचं ओझं कापडावर टाकायचं नसतं, खांद्यावर टाकायचं असतं. वरच्या शिवणीतून कॅनव्हासची पट्टी खाली सोडतो आणि खिसा तिला टांगतो. उजव्या घेराच्या दुमडीत शिसं भरतो, म्हणजे जाकीट एका बाजूला ओढणार नाही. एका सराफाला असं शिवून दिलं होतं; त्याच्या बायकोला वर्षभर पत्ता नव्हता."

"मास्तर, बोलता फार."

"माझं तोंड बंद झालं की मशीनही बंद पडतं, माई." त्यांनी कापडांचे तागे ओढले. काळी सर्ज, कॉफी रंगाचे टेरीवूल, गडद हिरवे काहीतरी. "काळं घ्या. काळ्यात फुगवटा दिसत नाही. तसं पाहिलं तर आपल्याकडे वैशाखात जाकीट घालणारा माणूस एक तर पुढारी असतो, नाहीतर नवरदेव."

लीलाधर हसला. "मी तर दोन्ही नाही."

"तू गप्प उभा राहा," मी म्हणाले. "नवरदेव व्हायला कुणीतरी मुलगी द्यावी लागते."

तो आणखीनच हसला. त्याला बोललेले लागत नसे. किंवा लागलेले तो दाखवत नसे. यांतले खरे कोणते याचा विचार करण्याची मला तोवर कधी गरज पडली नव्हती.

लीलाधर माझ्या धाकट्या दिरांचा मुलगा. दीर तापीच्या पुरात गेले, जाऊ त्याच्या आधीच गेली होती. सहा वर्षांचा असताना तो आमच्याकडे आला. हेमराजपेक्षा आठ महिन्यांनी लहान, आणि अंगलट हुबेहूब तीच. पाठमोरे उभे केले तर मीही फसावे. म्हणून हेमराजचे कपडे लहानपणापासून लीलाधरच्या अंगावर बेतले जात. हेमराजला शिंप्यासमोर उभे राहण्याचा कंटाळा होता. ते कपडे वर्षभर हेमराज घाले, मग ते लीलाधरकडे जात. सत्तावीस वर्षांच्या त्या मुलाच्या अंगाला कधी कोरे कापड लागले नव्हते. सगळा तालुका दोघांना त्यावरूनच ओळखे: कडक इस्त्रीतला तो हेमराज, विटक्या कपड्यांतला तो लीलाधर. चेहऱ्याकडे कुणी बघतच नसे.

मी काळी सर्ज बाजूला सारली आणि खालचा तागा ओढला. भागलपुरी टसर रेशीम, सायीच्या रंगाचे, उन्हात धरले की चमकणारे.

"हे."

"माई, हे लग्नातलं कापड आहे. यावर सगळं उमटतं. आत काय आहे ते दहा पावलांवरून कळेल."

"शंभर पावलांवरून कळू दे."

मास्तरांना वाटले, मला शत्रूवर वचक बसवायचा आहे. त्यांनी मान डोलावली. हत्यार दुकानात ठेवता येणार नव्हते, म्हणून त्यांनी खाकी कागदावर त्याची कड आखून घेतली. सुताराकडून सागाचा तसाच ठोकळा करून घेतो, पोटात लोखंड भरून वजन जमवतो आणि त्यावर खिसा बेततो, असे ते म्हणाले.

घरी येताना जीपमध्ये लीलाधर मागे बसला होता. आम्हाला न्यायला आलेला हेमराज जीप चालवत होता. ती तो दुसऱ्या कुणाच्या हाती देत नसे.

"दादा, कापड असं आहे ना," लीलाधर पुढे वाकून म्हणाला, "तू सभेत शिरलास की आधी जाकीट दिसेल, मग तू."

"म्हणजे गोळी आधी जाकिटाला लागेल," हेमराज म्हणाला. तो हसला नाही. त्या पंधरवड्यात त्याचे जेवण निम्म्यावर आले होते आणि फाटकापाशी मोटारसायकल थांबली तरी तो घास खाली ठेवत असे. मी ते पाहत होते. त्याचे वडील असे नव्हते. पण वडिलांना सोळा वर्षांत कुणी मारायला टपलेही नव्हते, असे मी स्वतःला समजावीत होते.

*

पाचव्या दिवशी कच्च्या शिवणीचे जाकीट अंगावर चढवून बघायला पुन्हा लीलाधरलाच घेऊन गेले.

ते त्याला फार शोभले, हे कबूल केले पाहिजे. आरशासमोर तो एकदम ताठ झाला. सागाचा ठोकळा डाव्या काखेखाली बसला होता आणि टसरवर त्याचा उंचवटा स्पष्ट दिसत होता. मास्तर तोंडात टाचण्या धरून त्याच्याभोवती फिरत होते.

"उजवा खांदा उतरलाय याचा," ते टाचण्यांतून म्हणाले. "घड वाहून वाहून. हेमराजभाऊंचे खांदे सारखे आहेत. इथे अर्धा इंच चढवतो."

"चढवू नका. याच्याच खांद्याला बसू दे."

मास्तरांचा हात थांबला. त्यांनी तोंडातल्या टाचण्या एकेक करून काढल्या आणि मनगटावरच्या गादीला टोचल्या.

"म्हणजे जाकीट याला?"

"याला."

"मला, मोठीआई?" लीलाधर आरशातूनच माझ्याकडे बघत होता.

"आखाजीला घरातल्या माणसांना नवं करतात. तू घरातला आहेस ना?"

 जाकिटाच्या कडेवरून त्याने अंगठा खालपर्यंत नेला, तिथून परत वर आणला. त्याचे डोळे भरले होते आणि मला तिथून लवकर आटोपायचे होते.

"आखाजीला घालायचं नाही," मी म्हणाले. "सभेच्या दिवशी घालायचं. जीपही त्या दिवशी तूच ने."

"दादाची जीप?"

"मी सांगते आहे."

"आणि हत्यार, माई?" मास्तरांनी विचारले. "परवाना हेमराजभाऊंच्या नावावर. याने बाळगलं तर आत जाईल."

"हत्यार हेमराजजवळच राहील. खिशात हा ठोकळा राहू द्या. जाकीट नीट बसतं त्याने."

मास्तरांनी लीलाधरला समोरून पान आणायला पाठवले. तो जाकीट काढायला तयार नव्हता; मी डोळे वटारले तेव्हा काढले. तो रस्ता ओलांडेपर्यंत मास्तर त्याच्याकडे बघत राहिले. मग त्यांनी हात जोडले.

"माई, हे माझ्या हातून नको."

"काय नको?"

"लांबून दिसणारं कापड. पहिल्यांदा अंगाला नवं. हातात दादाची जीप, आणि खिशात लाकूड. मी शिंपी आहे, पण अडाणी नाही. त्या पोराला मी दहा वर्षांचा असल्यापासून मापतोय."

"तुमचा धाकटा संस्थेच्या काट्यावर कारकून आहे ना, मास्तर? किती वर्षं झाली?"

"चार."

"अजून हंगामीच?"

त्यांनी खाली पाहिले.

"सभेनंतर कायम करायची यादी निघेल. चेअरमन कोण होतो त्यावर ती यादी ठरेल. वाघुळदे तुमच्या मुलाला ओळखतो का, मला माहीत नाही. मी ओळखते. आणि हे बोलणं या दाराबाहेर गेलं, तरीही मी त्याला ओळखेन."

 मास्तरांनी गादीवरची टाचणी उपटली, तोंडात धरली आणि उजव्या खांद्याची शिवण होती तशीच पक्की करायला घेतली.

लीलाधर तीन पाने घेऊन आला. मला एक, मास्तरांना एक. मास्तरांनी त्यांचे पान तसेच टेबलावर ठेवले. "मास्तर, शिसं भरलंत ना?" त्याने विचारले. "नाहीतर माझा खांदा आणखी उतरेल, आणि मोठीआई म्हणेल, नवं कापड वाया घालवलं."

*

आखाजीला यजमानांच्या नावाने पहिली घागर भरली. हेमराज पूजेला बसला होता. पाण्याचा तांब्या हातात धरूनही तो फाटकाकडे बघत होता, ते भटजींनीही पाहिले. लीलाधर सकाळी सावद्याला जाकीट आणायला गेला होता, तो दुपारी परतला. ते त्याने वर्तमानपत्रात गुंडाळून आणले होते. तो त्या दिवशी फारसा बोलला नाही. पुरणपोळ्या दोनच खाल्ल्या. मला वाटले, आनंदाने पोट भरले असेल.

सभेच्या दिवशी सकाळी आठला मी हेमराजला देवघरात बोलावले. तो पांढऱ्याशुभ्र सदऱ्यात आला. मी पाटावर लीलाधरचे कपडे मांडून ठेवले होते: कोपरांत विरलेला चौकड्यांचा शर्ट, केळीच्या चिकाचे काळे डाग पडलेली पँट, डोक्याला बांधायचा रुमाल.

"हे घाल," मी म्हणाले. "जीप लीलाधर नेतो आहे. ती पुढे जाईल. दहा मिनिटांनी गफूर आपला केळीचा ट्रक काढेल. त्यात मागे घडांमध्ये बसून तू जायचंस आणि संस्थेच्या गोदामाच्या मागच्या दाराने उतरायचंस. त्यांची माणसं वाटेत असतील तर ती जीपसाठी थांबतील. जीप गेल्यावर रस्ता मोकळा होईल."

यानंतर काय होईल ते मी धरून चालले होते. तो भडकेल. लीलाधरच्या जागी मी जातो म्हणेल, किंवा तोही जाणार नाही आणि मीही जाणार नाही म्हणेल. दोघे एका ताटात जेवलेले होते. त्याला नमवण्यासाठी दोन दिवस मी बोलणे जुळवून ठेवले होते. आधी सांगणार होते की तो वंशाचा एकुलता एक आहे. तरी ऐकले नाही तर त्याच्या लहानग्या मुलीचे नाव घेणार होते. आणि शेवटचे म्हणून वडिलांची शपथ राखून ठेवली होती. ती मी आयुष्यात कधी घातली नव्हती.

हेमराजने पाटावरच्या कपड्यांकडे पाहिले. मग तो खिडकीपाशी गेला. खाली अंगणात लीलाधर जीपची काच पुसत होता. सायीच्या रंगाचे ते जाकीट सकाळच्या उन्हात असे चमकत होते की गोठ्यातला गडीसुद्धा त्याला बघून उठून उभा राहिला, मग ओळखून पुन्हा खाली बसला.

लीलाधरने मान वर केली. दोघांची नजरानजर झाली. हेमराज खिडकीतून बाजूला झाला.

"ट्रक किती वाजता निघतो?" त्याने विचारले.

"नऊला."

"केबिनमध्ये बसू की मागे?"

"मागे. सांगितलं ना."

"वर ताडपत्री असेल?"

"असेल."

तो सदऱ्याची बटणे काढू लागला. मी उभी होते. माझे जुळवून ठेवलेले शब्द तोंडात होते, आणि ते आता कुणाला ऐकवायचे हे मला कळत नव्हते. त्याने चौकड्यांचा शर्ट उचलला, नाकाजवळ नेला.

"धुतलेला आहे ना?"

"आहे," मी म्हणाले.

"रिव्हॉल्व्हर मी बरोबर घेतो," असे म्हणून त्याने ते रुमालात गुंडाळून कमरेला खोचले. दारातून बाहेर पडताना तो माझ्या पाया पडला नाही. विसरला असावा.

मी खाली अंगणात आले. लीलाधरने पायांवर डोके ठेवले तेव्हा जाकीट चुरगळू नये म्हणून त्याने एक हात छातीशी धरला होता.

"दादा?"

"तो मागून येतो आहे."

"थांबू का जरा?"

"कशासाठी?"

"त्याला काही सांगायचं असलं तर."

"त्याला काही सांगायचं नाही. नीघ."

त्याने वरच्या खिडकीकडे एकदा पाहिले. जीपमध्ये बसला, किल्ली फिरवली. इंजिन सुरू झाल्यावरही तो काही वेळ तसाच बसून राहिला. मी फाटकाकडे बोट केले. तेव्हा गेला.

*

स्टेशनाच्या अलीकडे रेल्वेचे फाटक होते. मालगाडी येत होती म्हणून ते बंद होते. पुढचे मला फाटकवाल्याकडून कळले. केळीच्या बागेतून दोघे जण तोंडाला फडकी बांधून आले. जीपच्या उजव्या बाजूला दहा पावलांवर थांबले. त्यांतल्या एकाने विचारलेही नाही, नाव घेतले नाही. गावठी कट्ट्याने दोन गोळ्या झाडल्या. एक पोटात गेली, एक मांडीत. "माई, ते साहेब खिशात हात घालतील असं मला वाटलं," फाटकवाला म्हणाला, "जाकिटात हत्यार दिसत होतं ना. पण त्यांनी हात चाकावरून काढलेच नाहीत. ते मारेकऱ्यांकडं बघतच नव्हते. मान वळवून मागच्या ट्रकांकडं बघत होते."

मागे तीन ट्रक थांबलेले होते. आमच्या ड्रायव्हरचा, गफूरचा, त्यांत दुसरा होता. हे मला गफूरने सांगितले, आमची नोकरी सोडून जाताना, सहा वर्षांनी. गोळ्या झडल्या तेव्हा हेमराज ताडपत्रीखाली घडांमध्ये होता. फाटक उघडले. लोक जीपकडे धावले. गफूर उतरायला निघाला, तेव्हा केबिनच्या मागच्या फळीवर आतून दोनदा थाप पडली. चल. गफूरने ट्रक जीपच्या बाजूने काढला आणि गोदामाकडे नेला.

हेमराजने अकरा वाजता सही केली. गोळीबाराची बातमी सभेत आधीच पोहोचली होती. वाघुळदेचे निम्मे लोक उठून गेले. आपल्या भावावर हल्ला झाला असताना जो सभेला उभा राहतो, त्याच्यापुढे कोण टिकणार, असे एक वक्ता म्हणाला. टाळ्या वाजल्या. दुपारी चारला तो चेअरमन झाला.

दुसऱ्या दिवशी मी लीलाधरला बघायला जळगावला गेले. हेमराज बरोबर होता. कुणीतरी लावलेला गुलाल त्याच्या कानामागे राहून गेला होता. दवाखान्याच्या वऱ्हांड्यात तो बाकावर बसला. "तू आधी जाऊन ये, माई," म्हणाला.

आत लीलाधर पांढरा फटक पडला होता. नाकात नळी होती. जाकीट पोलिसांनी नेले होते. अंगावर दवाखान्याचा सैल अंगरखा होता.

"दादा पोचला?" त्याने विचारले.

"पोचला. चेअरमन झाला."

त्याने डोळे मिटले. मी स्टूल ओढून बसले. तो काही विचारील, रडेल, शिव्या देईल, म्हणून मी वाट पाहिली. त्याने काहीच केले नाही. तेव्हा मलाच विचारावे लागले.

"निकुंभ मास्तर तुला बोलले होते?"

"हो. आखाजीला जाकीट आणायला गेलो तेव्हा. म्हणाले, बऱ्हाणपूरला मेव्हणा आहे माझा, चिठ्ठी देतो, आजच्या आज जा. रडत होते. त्यांना काही करू नका, मोठीआई."

"मग गेला का नाहीस?"

 शेजारच्या खाटेवर कुणीतरी खोकत होते.

"मला वाटलं, दादा नको म्हणेल," तो म्हणाला.

मी त्याच्या अंगावरची चादर सारखी केली.

"खिडकीत दिसला ना तो. मला वाटलं, आता खाली येईल. म्हणेल, काढ रे ते, काय सोंग घेतलंयस." त्याने ओठ ओले करायचा प्रयत्न केला. "मग मी म्हणणार होतो, राहू दे दादा, मीच जातो. मी गेलोच असतो, मोठीआई. जाणारच होतो. फक्त त्याने एकदा नको म्हणायला हवं होतं."

"बोलू नकोस. डॉक्टर रागावतील."

"फाटकापाशीही वाटलं. ट्रक मागेच होता. मला दिसला होता गफूर." तो थोडा हसल्यासारखा झाला. "तुला काय वाटलं होतं? तो नको म्हणेल असं?"

या प्रश्नाचे उत्तर माझ्याजवळ तयार होते. दोन दिवस जुळवून ठेवलेले. वंशाचे, मुलीचे, शपथेचे. मी उठून पदर सारखा केला.

"झोप आता," मी म्हणाले. परिचारिकेला त्याच्या ओठांना ओला बोळा लावायला सांगितले आणि बाहेर आले.

हेमराज बाकावरून उठला. "काय म्हणाला?"

"काही नाही. दमला आहे."

"माझ्याबद्दल?"

"नाही."

त्याचा चेहरा सैल झाला. ते मी पाहिले. "आत जाऊन येऊ का?" त्याने विचारले, पण विचारताना त्याचे पाय जिन्याकडे वळलेले होते.

"चल. सत्काराला लोक खोळंबले असतील."

"बरं," तो म्हणाला, आणि माझ्यापुढे निघाला.

लीलाधर तिसऱ्या दिवशी पहाटे गेला. मास्तरांचा मुलगा पहिल्याच यादीत कायम झाला. मी शब्दाची पक्की आहे. हेमराज पुढे एकोणीस वर्षे चेअरमन राहिला आणि लोक त्याला धाडसी म्हणत आले.

पण मला आठवतो तो त्या दवाखान्याचा जिना. अरुंद होता आणि कठडा मोडलेला होता. पहिल्या पायरीवर उतरून हेमराजने मला धरायला मागे हात केला. मी तो धरला नाही तेव्हा त्याला वाटले, मला पायरी दिसली नाही, म्हणून त्याने तो आणखी माझ्याकडे केला. मी भिंतीला धरून उतरले. आज मी ब्याऐंशी वर्षांची आहे आणि माझे गुडघे गेले आहेत. तो अजूनही प्रत्येक पायरीपाशी हात पुढे करतो. मी काठी मागते.